केमच्या कुंकवाचा लाल आणि कॅमेऱ्याच्या दोन पायऱ्या

पोटासाठी चालवायचा कॅमेरा वेगळा आणि हौसेखातर घ्यायचा वेगळा, ही विभागणी जवळपास छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. आज तिला ‘प्रोफेशनल’ आणि ‘एन्ट्री लेव्हल’ अशी नावे आहेत आणि मिररलेस कॅमेरे बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीच्या यादीत ती दिसते. मात्र या दोन पायऱ्यांमधले अंतर नेमके कशात असते, याचे उत्तर दर पिढीत बदलत गेले. एकेकाळी ते रसायनांच्या माहितीत होते, पुढे भिंगात आणि शटरमध्ये आले, मग सेन्सरमध्ये, आणि आता बऱ्याच अंशी खात्रीत आहे. हा प्रवास पाहण्यासाठी सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातले केम हे गाव सोयीचे आहे. केमची ओळख कुंकवाची, आणि लाल रंगाने कॅमेऱ्याची जेवढी परीक्षा पाहिली तेवढी दुसऱ्या कोणत्या रंगाने क्वचितच पाहिली असेल.

केम हे दौंड-सोलापूर लोहमार्गावरचे स्टेशन. ‘ग्रेट इंडियन पेनिन्शुला’ कंपनीची गाडी पुण्याहून पुढे सरकत १८५९ साली दिक्सळ ते बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, या टप्प्यात आली. केम याच टप्प्यात येते. पुढच्याच वर्षी रूळ सोलापूरला पोहोचले. गावात उत्तरेश्वराचे देऊळ आहे आणि हळदीपासून कुंकू करण्याचा धंदा आहे. हळदीतला पिवळा रंग क्षाराला भेटला की लाल होतो, या जुन्या अनुभवावर कुंकवाची पारंपरिक रीत उभी आहे. केमचे कुंकू तीर्थक्षेत्रांच्या बाजारांत जाते, तिथून घरोघरच्या करंड्यांत आणि शेवटी कपाळावर. महाराष्ट्रातल्या बाईचा फोटो निघाला, की त्यात बहुधा असे एक लाल टिंब आलेच.

मुंबईत छायाचित्रणाने मूळ धरले ते रेल्वे केमला येण्याच्या थोडे आधी. ऑक्टोबर १८५४ मध्ये ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. भारतातली ही पहिली फोटोग्राफिक सोसायटी; कलकत्ता आणि मद्रास येथील संस्था त्यानंतरच्या. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या भारतीय सभासदांपैकी होते. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. त्यात शिकून तयार झालेल्या हरिचंद चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा धंदा मांडला. व्यवसाय म्हणून फोटो काढणाऱ्या पहिल्या भारतीयांत त्यांचे नाव घेतले जाते.

त्या काळात हौशी आणि व्यवसायी यांच्यातली चढउतार आजच्या नेमकी उलटी होती. कॅमेरा, भिंग, काचा आणि रसायने सगळे विलायतेहून येई, आणि ते परवडे ते डॉक्टरांना, लष्करी अधिकाऱ्यांना, मोठ्या व्यापाऱ्यांना. उत्तम सामान हौशी माणसाकडे असे आणि धंदेवाईकाला पुष्कळदा त्याहून साध्यावर भागवावे लागे. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी मुंबईतून १८५६ ते १८५८ या काळात जो मासिक संग्रह काढला, त्याचे नावच ‘द इंडियन ॲमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ असे होते. त्या नावातला ‘ॲमॅच्युअर’ नवशिका नव्हता. जाणकार आणि पैसेवाला असा तो मनुष्य होता.

दोघांना बांधून ठेवणारी अडचण मात्र एकच, ती म्हणजे ओली काच. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ साली प्रसिद्ध केलेल्या कोलोडियन पद्धतीत काचेवर चिकट द्रव पसरायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकण्याच्या आत धुवायची. हे सारे काही मिनिटांत उरकावे लागे. सोलापूरच्या चैत्र-वैशाखात कोलोडियनमधले ईथर डोळ्यांदेखत उडून जाई. बाहेरगावी काम असले की अंधाराचा तंबू, पाण्याची भांडी आणि काचांच्या पेट्या सोबत न्याव्या लागत. कॅमेरा कोणता यापेक्षा हात किती बसलेला, यावरच चित्र ठरे.

आणि ते चित्र लाल रंगाला आंधळे होते. कोलोडियनच्या काचेला निळा आणि जांभळा प्रकाशच काय तो दिसे. निळे आभाळ पांढरेफटक येई, पिवळी वस्तू गडद येई आणि लाल तर काळीच. हळद लागलेले अंग सावळे दिसे आणि कपाळावरचे कुंकू काजळाच्या टिकलीसारखे उमटे. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी घरांतले जुने फोटो पाहताना हे ध्यानात ठेवावे लागते. त्यातल्या बायकांच्या कपाळावरचा काळा ठिपका म्हणजे मेणावर नीट दाबून बसवलेली लालभडक पिंजर आहे. महागातल्या महाग कॅमेऱ्यालाही यावर उपाय नव्हता, कारण दोष कॅमेऱ्यात नसून काचेवरच्या लेपात होता.

हा आंधळेपणा टप्प्याटप्प्याने गेला, आणि गंमत अशी की हळद आधी दिसली, कुंकू मागाहून. बर्लिनच्या हेर्मान फोगेल यांनी १८७३ साली दाखवून दिले, की लेपात योग्य रंगद्रव्य मिसळले तर तो हिरवा-पिवळा प्रकाशही ओळखू लागतो. त्यातून ऑर्थोक्रोमॅटिक काचा निघाल्या. हळदीचा पिवळा रंग त्यांत उजळ येऊ लागला, लाल मात्र काळाच राहिला. सगळे रंग ओळखणाऱ्या पॅन्क्रोमॅटिक काचा १९०६ साली इंग्लंडमध्ये विक्रीला आल्या. तरीही सिनेमाच्या फिल्मवर त्या गुणाची सर्रास वर्णी लागायला विसाव्या शतकाचे दुसरे दशक ओलांडावे लागले. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला, तो लाल रंग न दिसणाऱ्या फिल्मच्या काळात. त्या फिल्मला कडेची छिद्रे पाडण्याचे काम घरात सरस्वतीबाई फाळके करत. त्यांच्या कपाळावरचे कुंकू त्या फिल्मने काळेच टिपले असते.

विलायती कॅमेरा ज्याला परवडत किंवा मिळत नाही त्याने काय करावे, याचे महाराष्ट्रातले सर्वांत तेजस्वी उत्तर कोल्हापूरचे आहे. बाबूराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतःच बनवायचे ठरवले. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्यासारख्या सहकाऱ्यांना हाताशी धरून काम तडीस नेले आणि १९१८ साली कॅमेरा चालू झाला. ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’चा ‘सैरंध्री’ १९२० साली त्याच कॅमेऱ्याच्या बळावर उभा राहिला. कॅमेरा व्यावसायिक ठरतो तो त्यावरच्या नाममुद्रेमुळे की त्याने निभावलेल्या कामामुळे, या प्रश्नाला इतका ठाम जवाब पुढच्या शंभर वर्षांत क्वचितच मिळाला.

नवशिक्यासाठी मुद्दाम केलेला कॅमेरा अमेरिकेत जन्मला. जॉर्ज ईस्टमन यांचा १८८८ सालचा कोडॅक २५ डॉलरला होता. त्यात शंभर चित्रांचा रोल भरूनच येई, आणि तो संपला की कॅमेऱ्यासकट कंपनीकडे धाडायचा. १९०० साली आलेला ब्राउनी अवघ्या एका डॉलरचा होता. यंत्र स्वस्त झाले हा एक भाग. खरा फरक असा, की फोटो काढणारा आणि धुणारा ही दोन वेगळी माणसे झाली. रसायनांची माहिती हा जो व्यवसायाचा कोट होता, त्याला इथे पहिले खिंडार पडले.

महाराष्ट्राच्या लहान गावांत हा बदल खऱ्या अर्थाने पोहोचला तो स्वातंत्र्यानंतर, आणि त्याचे वाहन होते आग्फा क्लिक थ्री. बडोद्यात तयार होणारा हा काळा, हलका, डब्यासारखा कॅमेरा १९६० नंतरच्या दोन दशकांत असंख्य मध्यमवर्गीय घरांत शिरला. फोकस करायची गरज नव्हती. ऊन की ढग एवढे निवडायचे आणि खटका दाबायचा. त्यात १२० नंबरचा रोल बसे आणि त्यावर चौकोनी बारा फोटो येत. उटकमंडच्या सरकारी ‘हिंदुस्थान फोटो फिल्म्स’ कारखान्यात १९६७ पासून उत्पादन सुरू झाले आणि ‘इंदू’ नावाचा देशी मालही बाजारात दिसू लागला.

त्याच काळात लग्ने काढणाऱ्या फोटोग्राफरच्या गळ्यात दोन भिंगांचा कॅमेरा असे. ऐपत असली तर रोलायफ्लेक्स, नाहीतर यशिका. वरच्या भिंगातून पाहायचे, खालच्यातून फोटो निघायचा. त्यासाठी मान खाली घालून कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या दुधी काचेत बघावे लागे, आणि तिथे नवरा-नवरी डावे-उजवे उलटे दिसत. मुंडावळ्या बांधलेली दोन डोकी त्या काचेवर मधोमध आणायची म्हणजे नवरी डावीकडे सरकली की कॅमेरा उलट बाजूला वळवायची सवय हाताला लावून घ्यावी लागे. १९७० साली आलेल्या यशिका मॅट १२४ जी या मॉडेलचे भिंग एफ ३.५ चे होते आणि शटर एक सेकंदापासून सेकंदाच्या पाचशेव्या भागापर्यंत चाले.

इथे तुलनेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे आणि ती सहसा नजरेतून सुटते. क्लिक थ्रीमध्ये आणि यशिकात रोल तोच, १२० नंबरचा. बारा चौकोनी फोटोही तेच. आजच्या भाषेत बोलायचे तर हौशी आणि व्यवसायी दोघांच्याही हातात एकच ‘सेन्सर’ होता, आणि तो कोणत्याही दुकानात सारख्याच भावाने मिळे. फरक होता भिंगाच्या धारेत, शटरच्या नेमकेपणात, फोकसमध्ये आणि फ्लॅश जोडण्याच्या सोयीत. भर दुपारी अंगणात उभ्या केलेल्या कुटुंबाचा क्लिक थ्रीने काढलेला फोटो पोस्टकार्डाएवढ्या कागदावर यशिकाच्या फोटोशेजारी ठेवला तर तो फार मागे पडत नसे. संध्याकाळच्या गोरज मुहूर्तावर मात्र मांडवात क्लिक थ्री मुकाच होई.

बारा फोटोंच्या हिशेबाने त्या पिढीची शिस्त घडवली. दोन-तीन रोलांत अख्खे लग्न बसवायचे म्हणजे अंतरपाट दूर होताना एक, कन्यादानाचा एक, सप्तपदीचा एक, आणि वऱ्हाडाचा सामायिक एक. खटका दाबण्यापूर्वी फोटोग्राफर सगळ्यांना थांबवी आणि सगळे थांबतही. रोल धुऊन येईपर्यंत काय निघाले आहे हे कोणालाच ठाऊक नसे. म्हणून ज्याचा हात चुकत नाही त्याला पुढची लग्ने मिळत आणि एकदा चुकलेल्याची चर्चा पंचक्रोशीत होई.

कुंकवाचा प्रश्न पॅन्क्रोमॅटिक फिल्मने निम्माच सुटला होता. लाल आता काळा येत नसे, करडा येई. पिवळसर बल्बच्या उजेडात तर तो इतका फिका पडे, की कपाळाच्या रंगात मिसळून जाई. स्टुडिओतले कारागीर बारीक कुंचल्याने छापील प्रतीवर ते टिंब परत गडद करत. गिऱ्हाईकाने रंगीत फोटो मागितला तर पारदर्शक रंगांनी शालू हिरवा, दागिने पिवळे आणि कुंकू लाल केले जाई. जत्रेत आणि कचेरीच्या आवारात बसणाऱ्या ‘मिनिट कॅमेरा’वाल्याचा मार्ग आणखी वेगळा होता. लाकडी पेटीच्या पोटातच तो कागदावर निगेटिव्ह काढी, धुई आणि तिचा पुन्हा फोटो काढून पॉझिटिव्ह हातात देई. त्या कागदाला लाल दिसतच नसल्याने त्याच्या फोटोत कुंकू थेट एकोणिसाव्या शतकातल्यासारखे काळे येई.

१९८० च्या दशकात रंगीत निगेटिव्ह आणि शहरांतल्या कलर लॅब आल्या. हाताने रंग भरणाऱ्यांचे काम गेले. ३५ मिलिमीटरच्या रोलात छत्तीस फोटो मिळू लागले आणि एक भिंगाचे एसएलआर कॅमेरे लग्नमांडवात आले. आतला आरसा भिंगातून आलेले चित्र वर डोळ्याकडे पाठवतो आणि खटका दाबताच उचलला जातो, ही त्यांची रचना. शिकणाऱ्यांचा लाडका पेंटॅक्स के १००० हा १९७६ पासून दोन दशके तयार होत राहिला. व्यवसायात निकॉनच्या दणकट बॉडीला मान होता. तरी रोल दोघांचा तोच आणि लेन्स बदलता येत असल्याने साध्या बॉडीवर चांगली लेन्स लावून पुष्कळांनी नाव कमावले.

डिजिटलने ही समता मोडली. चित्र ज्यावर उमटते तो पडदाच बॉडीत कायमचा बसवलेला आला, त्यामुळे बॉडी विकत घेणे म्हणजे जन्मभराचा एकच रोल विकत घेणे झाले. २००३ साली कॅननने एक हजार डॉलरच्या आतला ३०० डी काढला आणि हौशी माणसाला डिजिटल एसएलआर आवाक्यात आला, पण त्याचा सेन्सर ३५ मिलिमीटरच्या चौकटीपेक्षा लहान होता. पूर्ण चौकटीचा सेन्सर वरच्या पायरीसाठी राखून ठेवला गेला. नवशिक्याच्या आणि व्यवसायीच्या चित्रात मुळातच फरक पडण्याचा काळ कुठला असेल, तर तो हा. कमी उजेडातला मांडव छोट्या सेन्सरवर दाणेदार येई आणि मोठ्यावर बराच स्वच्छ.

लाल रंगाची कहाणीही इथे पूर्ण उलटली. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी आखलेली आणि १९७६ साली पेटंट मिळालेली रंगगाळणी बहुतेक सेन्सरांवर असते. तिच्यात निम्मे ठिपके हिरव्यासाठी, पाव निळ्यासाठी आणि पाव लालसाठी असतात. कुंकवाचा गडद शुद्ध लाल त्या पाव ठिपक्यांना भरून टाकतो आणि बाकीच्यांपर्यंत जवळजवळ काहीच पोहोचत नाही. कॅमेरा एकूण उजेडाची सरासरी धरून चालतो, त्यामुळे त्याच्या लेखी सगळे ठीक असते. प्रत्यक्षात लाल काठोकाठ भरून सांडलेला असतो. परातीतल्या कुंकवाच्या राशीवर हा दोष सर्वांत ढळढळीत दिसतो. डोळ्याला कण, उतार, बोटांचे ठसे दिसत असतात, फोटोत मात्र सपाट लाल थर येतो. जाणता फोटोग्राफर अशा वेळी एक्सपोजर थोडे खाली घेतो, लाल रंगाचा वेगळा आलेख तपासतो आणि जेपीईजीऐवजी रॉ फाइल ठेवतो. जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर चौदा बिटांच्या रॉ फाइलीत १६,३८४.

मिररलेस कॅमेऱ्याने आरसा काढून टाकला. सेन्सरवर पडणारे चित्रच डोळ्यापुढच्या छोट्या पडद्यावर दिसू लागले. पॅनासोनिकचा ल्युमिक्स जी १ हा २००८ साली आला, पूर्ण चौकटीचे सोनी ए ७ कॅमेरे २०१३ साली आले, आणि २०१८ साली निकॉन व कॅनन दोघांनीही पूर्ण चौकटीच्या मिररलेसमध्ये उडी घेतली. आरसा गेल्याने बॉडी लहान झाली, आवाज कमी झाला आणि फोटो काढण्याआधीच उजेडाचा परिणाम दिसू लागला. जुन्या पिढीने धुलाईपर्यंत जपून ठेवलेली धाकधूक या पडद्याने बरीच संपवली. नवशिक्याला सर्वांत मोठा लाभ झाला तो हाच.

दोन पायऱ्या शेजारी ठेवायच्या तर एकाच घराण्यातल्या घ्याव्यात, म्हणजे तुलना सरळ होते. निकॉनचा झेड ५० हा २०१९ सालचा, सुरुवात करणाऱ्यांसाठीचा. झेड ९ हा २०२१ सालचा, व्यवसायातला सर्वांत वरचा. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या किमती अनुक्रमे सुमारे ८६० आणि ५,५०० डॉलर, म्हणजे सहापटीहून जास्त अंतर. झेड ५० बॅटरी आणि कार्डासह ४५० ग्रॅम भरतो, झेड ९ भरतो १,३४० ग्रॅम. पहिल्याचा सेन्सर २०.९ मेगापिक्सेलचा आणि २३.५ बाय १५.७ मिलिमीटरचा. दुसऱ्याचा ४५.७ मेगापिक्सेलचा, पूर्ण चौकटीचा, क्षेत्रफळाने सव्वादोन पटीहून थोडा मोठा.

आकडे एवढे लांब असूनही केमच्या कुंकवाची परात दुपारच्या उजेडात ठेवली, तर दोघांचे फोटो अल्बमच्या आकारात वेगळे ओळखणे कठीण जाते. चौदा बिटांची रॉ फाइल दोघेही देतात. बायरची गाळणी दोघांवरही आहे. लाल दोघांचाही सांडू शकतो आणि दोघांकडेही तो आवरण्याचा उपाय एकच आहे. घरच्या बारशाला, शेतातल्या पिकाच्या फोटोला किंवा कुंकवाच्या दुकानाच्या जाहिरातीला झेड ५० पुरून उरतो. नव्याने शिकणाऱ्याला याहून महाग बॉडी घ्यायला लावणे हा सरळ अन्याय आहे.

फरक उघड होतो तो मांडवात. मंगलाष्टकांचे शेवटचे ‘सावधान’ होते, अंतरपाट खाली येतो, अक्षता पडू लागतात आणि दोघे एकमेकांकडे पाहतात. हे सारे दोन-तीन सेकंदांत उरकते आणि ते पुन्हा करून मागता येत नाही. मध्ये एखाद्याचा हात येतो, अक्षतांचा पडदा येतो, व्हिडिओवाल्याचा दिवा अंगावर येतो. झेड ९ चा सेन्सर इतक्या वेगाने वाचला जातो, की त्यात यांत्रिक शटर ठेवलेलेच नाही. सेकंदाला वीस रॉ फोटो काढतानाही डोळ्यापुढचे चित्र तुटत नाही आणि आवाज पूर्ण बंद करता येतो. झेड ५० सेकंदाला अकरा फोटो काढतो, पण काही सेकंदांतच त्याची तात्पुरती साठवण भरते आणि वेग मंदावतो. त्याचे मूक शटर वापरले तर मांडवातल्या एलईडी दिव्यांच्या न दिसणाऱ्या लुकलुकीमुळे फोटोवर आडवे पट्टे उमटू शकतात, कारण सेन्सर वरून खालपर्यंत वाचून होईतो दिवा उजळून मंदावलेला असतो.

त्याहूनही मोठी गोष्ट म्हणजे कार्डाचे खाचे. झेड ५० मध्ये एक आहे, झेड ९ मध्ये दोन. दोन खाचे असले की प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर लिहिता येतो, आणि एक कार्ड बिघडले तरी लग्न हातातून जात नाही. रोलाच्या जमान्यात धुलाईत रोल खराब होणे ही फोटोग्राफरची सर्वांत मोठी धास्ती होती. तिची आजची वारसदार म्हणजे न उघडणारे कार्ड. पैसे घेऊन दुसऱ्याच्या घरचे कार्य टिपणाऱ्याला दुसरा खाचा ही चैन ठरत नाही. बॅटरीचेही तसेच. कंपन्यांच्या प्रमाणित मोजणीत झेड ५० एका चार्जमध्ये सुमारे ३०० फोटो देतो, झेड ९ सुमारे ७००. प्रत्यक्षात सलग काढताना दोघेही याहून पुष्कळ जास्त देतात, पण अंतर तेवढेच राहते.

केमसारख्या गावात धूळ हा वेगळा विषय आहे. कुंकवाची भुकटी अतिशय बारीक असते आणि तिचा डाग सहज जात नाही. मिररलेस बॉडीवरून लेन्स काढली की सेन्सर आणि बाहेरची हवा यांच्यामध्ये आरसा नसतो. झेड ९ बंद केल्यावर सेन्सरपुढे एक झडप येते, शिवाय त्याच्या सांध्यांना धूळ आणि पाणी अडवणारी भक्कम बंदिस्ती आहे. साध्या बॉडीचा धनी कुंकवाच्या कारखान्यात शिरण्याआधीच लेन्स ठरवून घेतो आणि बाहेर येईपर्यंत बदलत नाही. ही शिस्त फुकट मिळते आणि बरीचशी महाग झडपेचे काम करते.

खरे अंतर अनेकदा लेन्सचे असते आणि दोष बॉडीवर जातो. झेड ५० बरोबर मिळणारी १६-५० ची किट लेन्स अवघी १३५ ग्रॅमची. झूम पूर्ण पुढे नेल्यावर तिचे छिद्र एफ ६.३ वर येते. व्यावसायिक २४-७० लेन्स सगळीकडे एफ २.८ राहते, म्हणजे त्या टोकाला सुमारे पाचपट उजेड आत घेते. मंगल कार्यालयाच्या मंद उजेडात ही पाचपट बॉडीच्या मोठेपणावर सहज मात करते. म्हणून थोडेच पैसे हाती असताना साधी बॉडी आणि चांगली लेन्स हा जुना, एसएलआरच्या दिवसांतला हिशेब मिररलेसमध्येही तंतोतंत लागू पडतो.

सोलापूर जिल्ह्यात आणखी दोन जागा अशा आहेत, जिथे वरच्या पायरीची गरज आपोआप सिद्ध होते. एक म्हणजे आषाढी वारीतले रिंगण. धूळ उडवत येणारा अश्व रिंगणात दौडतो तेव्हा फोकस त्याच्यावर टिकवून धरणे हे साध्या बॉडीच्या कुवतीबाहेरचे नसले तरी तिथे तिची दमछाक होते, आणि पावसाची सर आली तर तिला पिशवीत ठेवावे लागते. दुसरी जागा केमच्याच तालुक्याला लागून पसरलेला उजनीचा जलाशय. भीमेवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले आणि त्याच्या फुगवट्याच्या उथळ पाण्यात हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. थवा उठतो तेव्हा शेकडो पंखांचा लाल-गुलाबी रंग एकदम उघडतो. झेड ५० ला आधी माणसांचे आणि मागाहून कुत्र्या-मांजरांचे डोळे ओळखता येऊ लागले. झेड ९ पक्षीही ओळखतो आणि २०२३ साली त्याला पक्ष्यांसाठी स्वतंत्र पर्याय मिळाला. मात्र छोट्या सेन्सरमुळे तीच लेन्स झेड ५० वर दीडपट लांब पोहोचल्यासारखी दिसते आणि उजनीवर हौशी माणसाला त्याचा फायदाच होतो.

क्लिक थ्रीची जागा आता मिररलेसने घेतलेली नाही. ती मोबाइलने घेतली. जगभरातून कंपन्यांनी २०१० साली सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे बाजारात धाडले होते. २०२३ साली हा आकडा ८० लाखांच्याही खाली होता. सर्वांत खालची पायरीच नाहीशी झाल्याने कंपन्यांनी आपले लक्ष वरच्या महाग बॉड्यांकडे वळवले आणि ‘एन्ट्री लेव्हल’ म्हणवणारा कॅमेराही पूर्वीच्या हौशी कॅमेऱ्याच्या मानाने महागच राहिला.

त्यामुळे लहान गावांतल्या व्यवसायात जुन्या मालाला आणि भाड्याला महत्त्व आले आहे. लग्नसराईत मोठी बॉडी शहरातून दिवसाच्या भाड्याने आणायची आणि एरवी पासपोर्ट फोटोपासून बारशापर्यंतची कामे स्वतःच्या साध्या बॉडीवर करायची, अशी सांगड अनेक जण घालतात. जुनी बॉडी घेताना एसएलआरच्या दिवसांत शटर किती वेळा पडले हा पहिला प्रश्न असे आणि भाव त्यावर ठरे. यांत्रिक शटरच नसलेल्या झेड ९ सारख्या बॉडीत त्या आकड्याला अर्थ उरत नाही. तिथे घेणारा लेन्स बसवायच्या कड्याची झीज पाहतो, दोन्ही खाच्यांत कार्ड घालून तपासतो, आणि पांढऱ्या भिंतीचा एक व पूर्ण अंधाराचा एक असे दोन फोटो काढून सेन्सरवरचे धुळीचे डाग आणि वरातीतल्या लेझरने जळालेले ठिपके शोधतो.